प्रवासाचा खर्च आणि शिल्लक : कोणत्या वयात किती?



या पानावर आमचा विषय ठरलेला असतो. बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा क्रम. यावेळी थोडे आडवाटेने जाणार आहोत. ऊस विकास खात्याच्या माणसाने लोकांच्या सहलीत नाक कशाला खुपसावे, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण सांगतो. उसाचे बिल बँकेत जमा झाले की पंधरा दिवसांत गावागावातून गाड्या निघतात. बालाजी, तुळजापूर, कोकण आणि हल्ली तर थेट विमानतळ. त्यानंतर दोन महिन्यांनी खताच्या उधारीसाठी जी मंडळी आमच्या गट ऑफिसात येऊन बसतात, त्यांत याच गाड्यांतले बरेच चेहरे असतात. दुसरी जात याच्या उलट. हाती पैका असून आयुष्यभर शिवेबाहेर पाऊल टाकले नाही, आणि गुडघे गेल्यावर "काशी राहिली" म्हणून हळहळत बसलेली. पहिली चूक आम्ही सभासदांत पाहिली. दुसरी आमच्याच घरात झाली, ती पुढे सांगतो.

आधी हिशोबाचे बघू. आपल्या वहीत नांगरट, बेणे, मजुरी, वीजबिल अशी खाती असतात. प्रवास नावाचे खाते कोणाच्याच वहीत नसते. मागे एका सभासदाच्या ओट्यावर बसलो असता आम्ही सहज विचारले, "दादा, गेल्या वर्षात पुण्याला किती खेपा झाल्या?" दादा म्हणाले, "झाल्या असत्याल चार-पाच." आतून वहिनींचा आवाज आला, "अकरा झाल्या. तीनदा दवाखाना, दोनदा थोरल्याच्या कॉलेजची फी, चार लग्नं, एकदा कोर्ट आन् एकदा ट्रॅक्टरचा पार्ट." पुढे विचारले तेव्हा कळले की अकरापैकी नऊ वेळा भाड्याची गाडी केली होती. कागद घेऊन बेरीज मांडली. मौज म्हणून केलेली सहल त्यात एकही नाही, पण झालेल्या खर्चात नवरा-बायकोची दक्षिणेची यात्रा आरामात झाली असती. दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वर्षभर पुण्याच्या खेपा लिहून काढा. आजारी माणूस न्यायचा असेल तर गाडी कराच, तिथे काटकसर करू नका. पण कोर्टाच्या तारखेला एकट्याने जायचे असेल तर एस. टी. काय वाईट? राज्यातली पहिली एस. टी. १ जून १९४८ रोजी धावली तीच मुळी पुणे ते अहमदनगर या मार्गावर, म्हणजे ही गाडी आपल्याच भागात जन्मलेली. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना राज्याच्या हद्दीत मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे झाले. आपली आई पंच्याहत्तरीपुढची आणि बरोबर मंडळी असतील, तर दोघींचे मिळून अर्धेच तिकीट पडते. पुण्यात उतरल्यावरचा रिक्षाचा खर्चही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला. स्वारगेटला उतरून कोर्टात जाणाऱ्या माणसाला याहून सोयीचे ते काय हवे?

आता वयाचे बघू. सुरू उसाला नत्र कसे देतो ते आपणास पाठ आहे. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. एकूण मात्रा तीच, पण एकदम ओतली तर काही उसाला लागते आणि बाकीची पाण्याबरोबर जाते. प्रवासाच्या पैशाचे आम्हाला तसेच दिसते. कोणत्या वयात किती, हा खरा प्रश्न आहे. अजिबात नको किंवा होऊन जाऊ दे, ही दोन्ही टोके बाजूला ठेवावीत.

विशी-पंचविशीतल्या पोरांना अंगात जोर असतो आणि खिसा रिकामा असतो. या वयात प्रवास करावा, पण अंगाच्या जोरावर. सिंहगड, राजगड, रायगड पायाने चढावेत, एस. टी. च्या लाकडी फळीवर झोपावे, शिदोरी बांधून न्यावी. एस. टी. चा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा चार व सात दिवसांचा पास १९८८ पासून आहे. त्यावर महाराष्ट्र पालथा घालता येतो. आमच्या पदविकेच्या काळात आम्ही चौघे मित्र असेच फिरलो. विदर्भातली संत्री पाहिली, जळगावची केळी पाहिली. तेव्हा पाहिलेले ठिबकचे पहिले प्लॉट आजही आम्हाला नोकरीत उपयोगी पडतात.

कोणी म्हणेल, तरुणपणी दहा हजार उडवण्यापेक्षा ठेवीत टाकले तर? टाकावेतच. ७ टक्क्यांनी ३५ वर्षांत दहा हजारांचे एक लाख सहा हजार होतात. पण त्या ३५ वर्षांत तिकीट काय जागेवर उभे राहते? वर्षाला ६ टक्क्यांनी भाव चढले, तर आजची दहा हजारांची सहल तेव्हा ७६ हजारांच्या घरात जाते. म्हणजे नफा दिसतो तेवढा नसतो. आणि रायगडाच्या पायऱ्या चढायला गुडघे कुठल्या बँकेत ठेवायचे, ते आम्हाला अजून कोणी सांगितलेले नाही.

या वयात नको ती एकच गोष्ट, कर्ज काढून सहल. आमच्या गटातल्या एका सभासदाचा मुलगा हडपसरला कंपनीत लागला. वर्ष झाले नाही तोच मित्रांबरोबर परदेशी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आला. मोबाईलवर बटण दाबले आणि एक लाख वीस हजारांचे वैयक्तिक कर्ज मिळाले. व्याज १६ टक्के, मुदत दोन वर्षे. हप्ता बसला ५,८७५ रुपये, म्हणजे एकूण फेड एक लाख एक्केचाळीस हजार. आठव्या महिन्यात नोकरी सुटली. हप्ते थकले तसे फोन यायला लागले, मुलाला नव्हे, बापाला. बापाने काय करावे? तोडणीची पाळी यायला दीड महिना असताना पाऊण एकर ऊस गुऱ्हाळाला देऊन टाकला, मिळेल त्या भावात. आम्ही बांधावर गेलो तेव्हा तोडणी चालू होती. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, आता काय बी बोलू नका." आम्हीही काही बोललो नाही. उतारा भरत आलेला ऊस होता तो.

तोच हिशोब उलटा करून बघा. दोन वर्षे आधी महिना ५,००० रुपये आवर्त ठेवीत टाकले असते, तर मुद्दल एक लाख वीस हजार होऊन वर आठ हजारांवर व्याज मिळाले असते. सहल तीच, किनारा तोच. आधी साठवून गेला तर आठ हजार पदरात, नंतर फेडत बसला तर एकवीस हजार पदरचे. जवळजवळ तीस हजारांचा फरक. आपल्याकडे पाच टन खताचा नव्हे, पण चांगल्या दोन एकरांच्या खताचा हा पैसा आहे.

लहान मुले असलेल्या जोडप्यांनी लांब जाण्याचा हट्ट धरू नये, असे आमचे मत आहे. चार वर्षांच्या पोराला काश्मीर काय आणि कात्रज काय. त्याला हत्ती दिसला म्हणजे झाले. एक दिवस पुण्यालाच न्या. १७३२ साली बांधून झालेला शनिवारवाडा दाखवा. आगाखान पॅलेस दाखवा, जिथे गांधीजी स्थानबद्ध होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबांनी प्राण सोडला. राजा दिनकर केळकर संग्रहालय तर शेतकऱ्याच्या घरातल्या बाईमाणसाने अवश्य पाहावे. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे गोळा केले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आमच्या सौभाग्यवती तिथल्या जुन्या भांड्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, असलंच भांडं आपण मोडीत घातलं की." सकाळी निघून रात्री घरी. या वयातला मुख्य पैसा मुलांच्या नावावर आणि विम्याच्या हप्त्यात गेला पाहिजे.

खरी ओढाताण चाळिशीत होते. आम्ही स्वतः त्यातच आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका बाजूला मुलांची फी, दुसऱ्या बाजूला थकत चाललेले आईबाप, मधे सोसायटीचे कर्ज. या वयात सगळ्यात आधी पुढे ढकलला जातो तो प्रवास. आणि तोही आपला नाही, आईवडिलांचा.

२०११ साली आम्हाला पगारातील फरकाचे चाळीस हजार रुपये एकदम मिळाले. आमचे वडील, आप्पा, तेव्हा ६६ वर्षांचे होते. काटक माणूस, दिवसाला चार एकर फिरून पाणी बघणारे. कधी काही मागितले नाही, पण त्या दिवशी जेवताना म्हणाले, "आता काशीचं बघू का?" आम्ही म्हणालो, "आप्पा, यंदा बोअर मारू. पुढल्या साली जाऊ." बोअर २८० फूट गेले. नुसता फुफाटा निघाला. पुढल्या साली पाऊस हटला, त्याच्या पुढल्या साली आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. दोन वर्षे खाटेवर होते. २०१५ ला गेले. काशीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही आणि आम्हालाही काढवले नाही.

बोअर मारायला नको होते असे आम्ही म्हणत नाही. पाणी लागते तर सगळ्यांनी शहाणपणाचा निर्णय म्हटले असते. चूक वेगळीच होती. चाळीस हजारांतले बारा-पंधरा हजार बाजूला काढून दोघांना पुणे स्टेशनवरून गाडीत बसवून देता आले असते, आणि उरलेल्यात बोअर थोडे उसने घेऊन मारता आले असते. आम्ही सगळे पैसे एकाच वाफ्यात सोडले. शेतात असे कधी करत नाही. २०१७ साली आईला काशीला नेले. ती घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून होती. गंगेचा गडू आणला तो देव्हाऱ्यात आहे.

जुन्या काळी वरसईच्या विष्णुभट गोडशांनी घरचे कर्ज फेडायला चार पैसे मिळतील म्हणून १८५७ मध्ये पुण्यावरून उत्तरेची वाट धरली. मथुरेला यज्ञ होता, दक्षिणा मिळणार होती. वाटेत बंडाची धामधूम लागली, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले. कमाई हाती लागली नाही, पण गंगेची कावड मात्र खांद्यावरून घरी आणली आणि आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. कर्ज त्या प्रवासाने फिटले नाही, हे खरेच. पण आईबाप हयात असताना गंगा घरी आली. आमची आली ती सहा वर्षे उशिरा.

तर चाळिशीतल्या सभासदांसाठी आम्ही स्वतः सुरू केलेली पद्धत सांगतो. कारखाना आपल्या बिलातून टनामागे ठेव कापतो ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. कापताना कुरकुर होते, पण पैसा उभा राहतो तो त्यातूनच. तशीच घरच्या घरी प्रवासाची ठेव कापावी. टनामागे ५० रुपये. तुमचा ऊस १२० टन गेला तर सहा हजार. बिल जमा झाले की त्याच दिवशी हे सहा हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, दुसऱ्या दिवशी नव्हे. साडेसहा टक्के व्याज धरले तर पाच वर्षांत सुमारे ३६,४०० रुपये होतात. दोन म्हाताऱ्या माणसांची काशी किंवा रामेश्वर त्यात नीट बसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. जाहीर झाली. टनाला ३,५५० आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. त्यात पन्नास रुपये म्हणजे काय ते आपणच ठरवा. नोकरी नसलेल्याला महिन्याच्या महिन्याला ठेव जमत नाही, कारण आपला पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. म्हणून हिशोबही टनावरच हवा.

पीक कर्जाच्या पैशाला मात्र हात लावू नये. ठरल्या मुदतीत फेडले तर २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडू लागले. ते थकवून यात्रा केली तर सवलत जाते, आणि मग ती यात्रा देवालाही पावत नसावी.

बायकांचे वेगळे सांगायला हवे. माहेर, लग्नकार्य आणि दवाखाना सोडून आपल्या मंडळींनी दुसरे गाव कधी पाहिले, हे एकदा घरात विचारून बघा. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये महिला शेतकऱ्यांसाठी ज्ञानलक्ष्मी नावाचे प्रशिक्षण असते. आमच्या गटातून काही भगिनी गेल्या, त्यांतल्या दोघी पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय मुक्कामाला राहिल्या. परत आल्यावर रोपवाटिकेविषयी तर बोलल्याच, पण त्याहून जास्त आपसात ठरवून बसल्या की आता महिना शंभरची भिशी लावायची आणि वर्षाने कोल्हापूर-ज्योतिबा करायचे. नवरेमंडळींना विचारले नाही. कळवले.

भिशीवरून वारी आठवली. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी दरवर्षी पुण्यात येऊन मुक्काम करते, एक भवानी पेठेत, दुसरी नाना पेठेत. दिंडीत जेवणाखाणासाठी जी वर्गणी आधी भरतात तिलाही भिशीच म्हणतात. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, अठरा-वीस दिवस, आणि खर्च आधीच भरलेला. परतल्यावर देणेकरी दारात नाही. शिवाय वेळ कशी साधली आहे ते पाहा. सुरू उसाची मोठी बांधणी उरकलेली असते, आणि आडसाली लागणीचा १५ जुलै ते १५ ऑगस्टचा काळ यायच्या सुमारास बहुतेक वर्षी माणूस एकादशी करून घरी येतो. आपल्या वाडवडिलांनी प्रवास, पैसा आणि पीक हे तिन्ही एका सुतात ओवले होते. आम्हाला कोणत्याही प्रवासी कंपनीचे पत्रक यापुढे फिके वाटते.

साठीनंतर मात्र हात सैल सोडावा. या वयात शिल्लक टाकत राहणे ही सवय होऊन बसते, गरज नसली तरी. दवाखान्याची रक्कम अलग ठेवून, मुलांकडे हात पसरावा लागणार नाही एवढे राखून, बाकीच्याचे व्याज तरी फिरण्यावर खर्चावे. साठीपुढच्यांसाठीच्या पोस्टातल्या बचत योजनेत दर तिमाहीला व्याज मिळते. एका तिमाहीचे व्याज देवदर्शनाला, असे ठरवून टाकावे. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या आठवणीवर अंदाजपत्रक बांधू नये. आरक्षणही नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होऊ लागले. राज्य शासनाने २०२४ मध्ये साठीपुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना जाहीर केली, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना माणशी तीस हजारांपर्यंत. अर्ज जरूर करावा. पण यादीत नाव लागेपर्यंत पिशवी भरून ओट्यावर बसून राहू नये.

वयाचे म्हणाल तर पुण्याच्या महर्षी कर्व्यांचे उदाहरण आहे. जन्म १८५८ चा. महिला विद्यापीठासाठी १९२९ मध्ये ते युरोप, अमेरिका, जपानच्या प्रवासाला निघाले तेव्हा सत्तरी ओलांडली होती. तिथून आल्यावर पुन्हा आफ्रिकेला गेले. त्याआधी कित्येक वर्षे हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजपर्यंत पायी येऊन शिकवीत होते, म्हणून पाय शाबूत राहिले असतील. सगळ्यांचे तसे नसते. आप्पांचे पाय कर्व्यांहून कमी चालले होते असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी आमच्या खात्याचे. ऊस तुटून गेला, बिल यायचे आहे, आता मोकळे, असे समजून कोणी लगेच गाडीत बसू नये. खोडवा ठेवायचा असेल तर बुडखे जमिनीलगत छाटून त्यावर बुरशीनाशक मारावे, पाचट सरीत दाबावे आणि पहारीने खताचा पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत द्यावा. मग खुशाल जावे. बिलही नियमाप्रमाणे चौदा दिवसांत व्हायचे असते, म्हणजे खत पडेतो पैसेही आलेले असतील. दुसरा हप्ता १३५ दिवसांनी. निघण्यापूर्वी पाण्याच्या पाळीचे शेजाऱ्याला सांगून जावे, आणि गट ऑफिसात फोन नंबर देऊन ठेवावा. टनामागे पन्नासचा हिशोब ज्यांना आपल्या टनावर मांडून हवा असेल, त्यांनी गुरुवारी बाजाराच्या दिवशी वही घेऊन यावे. वहिनींनाही बरोबर आणावे, कारण खेपांचा आकडा त्यांच्याकडेच बरोबर असतो.